किल्ली मागणारे हिरेमठ सर

डॉ. हिरेमठ सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते माझ्या मुलाखतीत. मी बसले होते आणि ते खोलीभर येरझाऱ्या घालत होते. "बाई, वाट बघता येते का?" एवढेच त्यांनी विचारले. मी "येते" म्हणाले आणि सोलापुरातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. स्वतः सरांना मात्र ती अजिबात बघता येत नाही, हे दुसऱ्याच दिवशी कळले.

रक्त हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत तयार होते. मज्जेचे हे घर काचेच्या बाटलीत उभारायचे, हा सरांचा ध्यास. नुसत्या रक्तपेशी बाटलीत सोडल्या की मरत. सर म्हणत, "आधी सतरंजी घाला, मग पाहुण्याला बोलवा." म्हणून उंदराच्या मज्जेतल्या चिकट पेशींचा थर आधी तळाशी पसरू द्यायचा आणि मग त्यावर नव्या पेशी सोडायच्या. पण सरांना दम कुठला! उबेच्या पेटीचे दार ते घडीघडी उघडत, बाटल्या उजेडात धरून हलवत, आणि थर सुटून येई. शेवटी त्यांनीच पेटीला कुलूप घालून किल्ली माझ्या हाती दिली. "ठरलेल्या दिवसाआधी मी कितीही चिडलो तरी देऊ नका." गुरूने शिष्येवर टाकलेला असा विश्वास मी दुसरीकडे पाहिला नाही, आणि असला जाचही.

त्याच सुमारास वळसंग गावची महादेवी आमच्या रुग्णालयाच्या वॉर्डात होती. तिच्या मज्जेने रक्त करणे थांबवले होते. तिच्या वडिलांनी एकदा सरांना गाठले. "डाक्टर, तुमच्या बाटलीत रगत तयार हुतंय म्हणं. आमच्या पोरीला कवा देता?"

सर येरझाऱ्या थांबवून त्यांच्याशेजारी बाकावर बसले. "मालक, खोटं सांगत नाही. अजून काहीच तयार झालेलं नाही. महादेवीला याचा उपयोग व्हायचा नाही."

वडील बाकावरून उठले. मग म्हणाले, "व्हय. पर तुमी सोडू नगा."

महादेवी गेली. दुसऱ्या दिवशी सर तडक माझ्यापुढे उभे राहिले. "किल्ली द्या." मी नाही म्हणाले. ते ओरडले, त्यांनी खुर्ची आपटली. किल्ली बांधलेली पदराची गाठ मी सोडली नाही. सर दिवसभर व्हरांड्यात फिरत राहिले. पुढे ठरल्या दिवशी पेटी उघडली, तेव्हा त्याच बाटल्यांत थराला बिलगून नव्या रक्तपेशी वाढलेल्या दिसल्या. सूक्ष्मदर्शकातून पाहून झाल्यावर सर इतकेच म्हणाले, "महादेवीच्या वडिलांना कळवा."

आज सर साठ वर्षांचे झाले. माणसाच्या मज्जेची बाटली अजून जमलेली नाही. परवाही ते आले आणि हात पुढे करून उभे राहिले. सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे पाय असेच चालते राहोत आणि ती बाटली त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळो. तोवर त्यांनी रोज येऊन किल्ली मागावी. मी देणार नाही.