उंबऱ्याबाहेर थांबलेल्या काकू

कोणी ‘बसा’ म्हणायला क्षणभर उशीर केला, की आईला वाटे आपण इथे नकोसे आहोत. वडील नेमके उलट. त्यांच्या तोंडावर कोणी दार लावलं असतं, तरी ते ‘वारा असेल’ म्हणाले असते. या दोघांच्या मध्ये मी वाढले, आणि मला दोघांचाही राग आहे.

बुधवार पेठेत आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकू ही आईची एकुलती एक मैत्रीण. त्यांना मूल नव्हतं. दिराचा मुलगा त्यांनीच वाढवला होता आणि तो नुकताच नागपूरला नोकरीला लागला होता. दोन्ही घरांत डब्यांची सतत ये-जा. डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, ही रीत.

एका संक्रांतीला आईने गुळपोळ्या दिल्या. काही दिवसांनी काकू डबा घेऊन आल्या. आत आल्याच नाहीत. डबाही आईच्या हातात न देता उंबऱ्याशी खाली ठेवला. आईने झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

“अहो, आमचा...” काकूंनी सुरुवात केली.

“असू दे. साखर रेशनवर आहे, कळतं आम्हाला,” म्हणत आईने दार लावून घेतलं.

“विसरल्या असतील,” वडील म्हणाले आणि पेपर वाचत राहिले. सगळं ठीक आहे असं मानलं की उठावं लागत नाही, ही चांगुलपणाची मोठी सोय.

पुढे वाण्याकडे कळलं. पुतण्या अपघातात गेला होता. काका नागपूरला धावले होते, काकू घरी एकट्या. घरात सुतक. सुतकाच्या घरातून कोणाला काही खायला देत नाहीत, कोणाला शिवत नाहीत, कोणाच्या घरात जात नाहीत. आईला हे का ठाऊक नव्हतं? दुसऱ्या कोणाच्या दारातलं असतं, तर तिने बघताक्षणी ओळखलं असतं.

“मग धड सांगायचं होतं. मी काय ज्योतिषी आहे?” ती म्हणाली आणि भेटायला गेली नाही. वडील म्हणाले, “त्या समजून घेतील.” तेही गेले नाहीत.

पुढे बऱ्याच वर्षांनी वडील गेले. आमची चूल बंद. सगळ्यांत आधी पिठलं-भात घेऊन आल्या त्या काकू. आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “रडून घ्या हो.” आई रडली नाही.

त्या गेल्यावर ती म्हणाली, “मी कशी मोडलेय ते बघायला आली होती.”

“आई, त्या जेवण घेऊन आल्या होत्या!” मी ओरडले.

“तूही बापासारखीच भोळसट. टाकून दे ते.”

मी पान वाढून तिच्या समोर जेवायला बसले. पानातलं सगळं संपवलं. आई भिंतीकडे तोंड करून उपाशी पडून राहिली.