काठाला बांधलेला लाल दोरा

सकाळी रघुनाथभाऊंच्या मनीषाचा फोन आला तेव्हा मी सुरतेत पर्वत पाटियाच्या चौकात दुधाची पिशवी घेऊन उभा होतो. "गुरुजी, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी मराठी शाळेतला निवृत्त मास्तर, त्यामुळे त्या घरात सगळ्यांचाच गुरुजी... माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या असलेल्या रघुनाथभाऊंचासुद्धा. आदल्याच दिवशी त्यांचा आवाजी निरोप आला होता. टाइप करायचा त्यांना मनस्वी कंटाळा. रोज दुपारी मोबाईलवर त्यांचा आवाज यायचा, "गुरुजी, जेवनात का?" त्या दिवशी माझ्याकडून उत्तर द्यायचं राहून गेलं होतं.

आम्ही दोघंही धुळ्याकडचे, बोली अहिराणी. भाऊ पलसाण्याच्या मिलमध्ये कापड तपासायचे. खालून ट्यूबलाइट लावलेल्या काचेवरून कापड सरकत राहायचं आणि भाऊंची नजर त्यावर. कुठे तार, म्हणजे विणीतला धागा, तुटलेली दिसली की त्या जागी काठाला लाल दोरा बांधायचा. "दोष लपाडना नही, कापड फेकनं नही. घेनारले कळाले पाहिजे, बस," हे त्यांचं तत्त्वज्ञान. दोऱ्याचं रीळ कायम खिशात. आमच्या घरी नवी चादर आली तर तिलाही त्यांनी तीन दोरे बांधले. आमच्या सौभाग्यवती आठवडाभर त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत.

अशा माणसाबरोबर मी आक्काचा कार्यक्रम पाहिला. सगळा खान्देश जिला आक्का म्हणायचा ती आमची लोकगायिका जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका कंत्राटदारानं प्रकाशाच्या करामतीनं तिला पुन्हा स्टेजवर उभं केलं. मला हा प्रकार बरा वाटला नव्हता, पण भाऊंना बघायचंच होतं. रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. अंधार झाला आणि हिरव्या लुगड्यातली आक्का चालत आली, पदर सावरला. माझ्या शेजारची बाई हुंदके देऊ लागली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं जोडे काढून हात जोडले. पोरापोरींनी मोबाईल वर धरले. एक गृहस्थ मात्र रागानं उठून गेले. भाऊ डोळे बारीक करून बघत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, जाळी शे. बारीक जाळीनं कापड. तिना खांदाजोडे तार तुटेल शे." ज्या पारदर्शक पडद्यावर आक्का उमटली होती, त्याच्या विणीतला तुटका धागा त्यांनी तिच्या खांद्याजवळ हेरला होता.

तेवढ्यात आक्कानं तिच्या सवयीप्रमाणे विचारलं, "जेवनात का रे सगळा?" आणि अख्ख्या हॉलबरोबर भाऊही मोठ्यानं म्हणाले, "जेवनूत!" मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. नंतर "वन्स मोर" चा गजर झाला, पण आक्का थांबली नाही, थेट पुढचं गाणं लागलं. हॉल जरासा हिरमुसला. भाऊ हळूच म्हणाले, "तिले ऐकू येस नही."

कार्यक्रम संपल्यावर ते सरळ स्टेजवर चढले, जाळी चिमटीत धरून पाहिली आणि काठाला लाल दोरा बांधला. कंत्राटदाराचा माणूस धावत आला, "काका, शुं करो छो?" भाऊ शांतपणे त्याच्याच गुजरातीत म्हणाले, "तार तूटेलो छे. निशानी करुं छुं." रिक्षात मी त्यांची पुष्कळ थट्टा केली. कापड आहे हे माहीत असून उत्तर कसलं दिलंत? भाऊंनी खिशातलं रीळ चाचपलं. मग म्हणाले, "तिनी इचारं ना, गुरुजी."

ते गेल्यावर दहा-बारा दिवसांनी मनीषा आली. सव्वा महिन्याला सगळे जमतील, तेव्हा टीव्हीवर बाबांचा फोटो बोलता करायचा तिचा बेत होता. "आवाज तुमच्याकडेच आहे, गुरुजी." मला राग आला. भाऊंचा खेळ मांडणार, असं वाटलं. खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला, ते निरोप माझे होते... आठवडाभर मी तिला टाळलं. एके दिवशी ती दारातच म्हणाली, "मला फक्त त्यांना एकदा बोलताना बघायचंय." तिचे डोळे सुजलेले होते. मला माझ्या आडमुठेपणाची लाज वाटली. मी एकच निरोप दिला, शेवटचा. त्यांनी न बोललेलं एक अक्षरही त्यांच्या तोंडी घालायचं नाही, एवढी अट घातली. तिनं मान डोलावली आणि बाबांच्या खिशातलं रीळ माझ्या हातात ठेवलं.

सव्वा महिन्याच्या दिवशी पाहुणे यायच्या आधी मी टीव्हीच्या कडेला लाल दोरा बांधला. सगळे बसले. मी पुढेच होतो. भाऊंचा फोटो उजळला, ओठ हलले. मनीषानं तोंडावर पदर धरला. दोरा माझ्या डोळ्यांसमोर होता, मीच बांधलेला.

"गुरुजी, जेवनात का?"

"जेवनू, भाऊ," मी म्हणालो.