चाकाखालचा दगड

ट्रक दारात आला तेव्हा मला पाचवा महिना होता. मिल्ट्रीच्या लिलावातून निघालेला, एका भंगारवाल्याकडून ह्यांनी घेतला, हिरवा रंग अजून तसाच, आणि टायर माझ्या छातीएवढे. सासूबाईंनी भाकर ओवाळून टाकली. मी घरातून बघत होते आणि मला वाटलं, हे काय आणून ठेवलं दारात, हे काय आपलं ऐकणार हाय का.

हे आधी दुसऱ्याच्या गाडीवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून राख भरून वीटभट्ट्यांवर टाकायचे. आता स्वतःच्या गाडीवर टाकायला लागले. कांद्याच्या दिवसात लासलगावच्या खेपा. गाडी ओढायला लय ताकदीची, नाय कशाला म्हणू. पण तिचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मेला तो मेलाच. त्याचा पार्ट कुठंच भेटत नाय, द्वारका चौकातला मिस्त्री हसायचा, म्हणायचा ह्याचा पार्ट मागायला तुम्हाला सरहद्दीवर जावं लागंल. हँडब्रेक पण नाय धरत. मग गाडी दारासमोरच्या उतारावर लावायची, पुढच्या चाकाखाली एक मोठा काळा दगड, आणि सकाळी दगड काढला की गाडी आपोआप घरंगळणार, हे गियरवर उचलणार, इंजिन धडधडणार. ब्रेक हवेचा. इंजिन चालू झाल्याशिवाय हवा भरत नाय, हवा भरल्याशिवाय ब्रेक लागत नाय. हे मला कळलं त्या दिवसापासून मला झोप नाय. म्हणजे रोज सकाळी तो उतार गाडी बिनब्रेकची उतरते, खाली रस्ता, रस्त्यावर शाळेची पोरं.

पोरगं झालं, रांगायला लागलं, चालायला लागलं, आणि त्याला सावली म्हटलं की ट्रकच्या खालची. मी चुलीपाशी असले तरी माझा एक डोळा त्या दगडावर. दगड हाय ना. दगड हाय. मी तवा उतरवून बाहेर जाऊन बघून यायची. हे म्हणायचे, येडी हायस, गाडी गियरमध्ये असते. पण जुना गियर, कधी कधी आपोआप सुटायचा, हे त्यांनीच मला सांगितलेलं.

दसऱ्याला गाडी धुतली. झेंडूच्या माळा बांधल्या, पुढच्या चाकांसमोर लिंबं ठेवली. सासूबाई खुर्चीवर बसून सगळं सांगत होत्या. त्या म्हटल्या, "तो दगड पण धू रे. वरीसभर गाडी कोणी धरली? त्यानेच ना. त्याला हळदकुंकू नाय लावायचं होय?"

मी म्हटलं, आत्या, तो राहू द्या, जागेवरच लावते. त्या म्हटल्या, राखेचा थर बसलाय, देवाला असं लावतात का. हे हसले. कडेची एक वीट उचलली, चाकाला लावली, दगड काढून नळाखाली घेऊन गेले. दोन मिनिटाचं काम.

माझ्या हातात आरतीचं ताट होतं. म्हणून पोरगं खाली सोडलेलं.

त्याला लिंबू पाहिजे होतं. पिवळं, गोल, मोठ्या काळ्या टायरसमोर. ते गेलं आणि बसलं तिथं. मी ओरडले का नाय मला आठवत नाय. वीट फुटल्याचा आवाज आठवतो, बिस्कीट फुटावं तसा. आणि हे. दगड उरापाशी धरून पळत आले, उजव्या हाताने पोराला ढकललं आणि डाव्याने दगड चाकाखाली घातला. दगड बसला. गाडी थांबली. हात दगडासकट खाली.

पोराला खरचटलं पण नाय. लिंबू त्याच्या मुठीत होतं.

दवाखान्यात ह्यांच्या हातावर मी दाबलेली हळद पुसताना नर्सने विचारलं, हे काय. मी म्हटलं, पूजेच्या ताटातली.

अंगठा राहिला आणि करंगळी राहिली. गियर डाव्या हाताला. आणि ह्या गाडीचा गियर असा की चांगल्या हाताच्या माणसाचा खांदा दुखतो. मी म्हटलं, विका. माझ्या लेकराकडं बघा आणि विका. गिऱ्हाईक मिळेना, भंगारवाला गॅसकटर घेऊन यायला तयार होता. हे म्हटले, "भंगारातच घालायची होती तर हात कशाला गेला?"

ड्रायव्हर ठेवून बघितले. एकदा उतार बघितला की दुसऱ्या दिवशी कोणी येईना.

मग आता मी हाय. आधी बंद गाडीत शिकवलं, पहिला इकडं, दुसरा तिकडं, स्टिअरिंग धरून क्लच ते दाबतात, मी दोन्ही हातांनी ओढते. सासूबाईंच्यानं पोर आवरत नाय, मग पोराला माझ्या ओढणीने सीटला बांधते. दुसरा गियर टाकून खाली उतरते, दगडाला तार बांधलीय, ती बाजूने ओढते, गाडी सुटते, इंजिन धडधडतं, आणि मी पळत जाऊन पायरी पकडते. पायरी लय उंच. रोज मनात एकच, पाय सटकला तर पोर त्या गाडीत आणि मी रस्त्यावर.

मागच्या आठवड्यात सटकला. पावसाने चिखल होता. गाडी पुढं गेली. गाडीच्या दारातून पोराचं तोंड दिसत होतं, लांब लांब. हे थांबू शकत नव्हते, हवा भरली नव्हती. मी दगड उचलला आणि गाडीमागं पळाले. त्या दगडाने मी काय करणार होते देव जाणे. तार पायात अडकत होती आणि मी पळत होते.

खाली रस्त्याला वळण घालून गाडी कडेला उभी होती, इंजिन चालू. मी वर चढले. पोरगं हसत होतं. परत, म्हणत होतं, मम्मी परत पळ.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाय. चांगल्या हाताने स्टिअरिंग धरलं, पायाने क्लच दाबला.

"पहिला," ते म्हटले.

मी दगड पायापाशी ठेवला आणि दोन्ही हातांनी गियर ओढला.