ओवाळणीचा डाव

माझी शेवटची पांढरी सोंगटी भोकात गेली तेव्हा दिगांबरच्या काळ्या अजून बोर्डावर पसरलेल्या होत्या. सामना संपला होता. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशीचा, कॅरमचा शेवटचा सामना. मंडळाची खोली पोरांनी भरलेली, खिडकीतही डोकी. मी हात मांडीवर ओढून घेतला आणि वाट पाहिली. कोणीतरी 'जिंकली' म्हणेल, एवढीच.

दिगांबर हसला. त्यानं शर्टाची बाही वर केली, मनगटावरची राखी सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "बहिणीची ओवाळणी राह्यली होती बापा. देऊन टाकली."

खोली हसली. टाळ्या पडल्या. त्याच्यासाठी. मग त्यानं खिशातून आठ आण्याचं नाणं काढलं, बोर्डावर ठेवलं आणि टिचकी मारून माझ्याकडे सोडलं. पावडरीवरून ते सरसर आलं आणि माझ्या बाजूच्या लाकडाला लागून थांबलं. मी पंधरा वर्षांची होते. मी जिंकले होते, आणि जिंकले हे दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हतं. नाणं मी उचललं नाही. उठले आणि घरी आले.

घर म्हणजे जऊळक्याचं रेल्वे क्वार्टर. माझा बा गँगमन. आमच्या घरानं धम्म घेतला तो माझ्या जन्माआधी, त्यामुळे देव, सण, उपास यातलं काही मी घरात पाहिलं नाही. पाहिला तो कॅरम. बानं चहाच्या पेटीच्या प्लायवूडचा स्वतः केलेला. कडेला बाभळीच्या पट्ट्या, भोकांखाली मायच्या जुन्या लुगड्याच्या पिशव्या, पावडर म्हणून चुलीतली चाळलेली राख. ड्युटीवरून आला की बा हातपाय धुवायचा आणि म्हणायचा, "मांड व."

मी मांडायची, तो हरवायचा. रोज. बाप म्हणून एकदाही दया नाही. मी रडले तर म्हणायचा, "रडून सोंगटी जाते का?" दोन वर्षांनी मी त्याला पहिल्यांदा हरवलं. त्या दिवशी तो धड जेवला नाही. मायला म्हणाला, भाजीत मीठ नाही. भाजीत मीठ होतं. मला असा आनंद झाला होता की मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

स्टेशनवरचे बाबू खांडव्याकडचे. गाडी येईपर्यंत वेळ जात नाही म्हणून तेही मला खेळायला बसवायचे आणि हरायचे. त्यांनीच गावात दिगांबरला सांगितलं, "ये लडकी तुम सबको पानी पिलाएगी." दिगांबर म्हणजे पाटलाचा थोरला. अकोल्याच्या कॉलेजातून परत आलेला, तरुण मंडळाचा अध्यक्ष. गावातला एकमेव विकतचा कॅरम त्याच्या मंडळात होता. आरशासारखा गुळगुळीत. मी तो दारातूनच पाहिला होता, आणि रात्री झोपेत त्याच्यावर खेळले होते.

दिगांबरनं मला बोलावलं. पाहिलं. खेळवलं नाही. आधी म्हणाला, "पोट्टी पोरांत अशी कशी बसन? लोक काय म्हनतीन? राखी बांध समद्याइले. बहीन म्हनून बस." आणि वर म्हणाला, "स्ट्रायकर घरून आनजो. चांगले खेळाडू सोताचाच आनतात."

त्या दुसऱ्या वाक्यानं मी फुगले. चांगला खेळाडू म्हणाला मला. पुढे कळलं, बाकी सगळे एकाच स्ट्रायकरनं खेळायचे. वेगळा फक्त माझा होता. खेळ झाला की तो खिडकीत ठेवायचा, इतर सामानात नाही. हे समजायलाही मला दिवस लागले, एवढी मी हरखले होते.

राखीचं ऐकून माय संतापली. "आपन सोडलं थे समदं. आता तू कायले बांधून राह्यली?" बानं मला अडवलं नाही. गुळगुळीत बोर्डाचा मोह त्यालाही होता, मला दिसत होतं. मी बाजारातून राख्या आणल्या. सगळ्यात स्वस्त, लाल दोऱ्याच्या.

मंडळात पोरं ओळीनं बसली. मी पहिली राखी हातात घेतली तर दिगांबर म्हणाला, "ताटात ठेव. सुमी बांधन." सुमी त्याची बहीण. मी राख्या वरून ताटात टाकल्या. सुमीनं एकेका मनगटावर बांधल्या. मी उंबऱ्याशी उभी. त्यांच्या हाताला हात न लावता मी त्यांची बहीण झाले.

मग मी बहिणीसारखी राहायला शिकले. परकरावर बाचा लांब बाह्यांचा शर्ट. वेण्या करकचून. मान खाली. प्रत्येक वाक्याला दादा. दादा, तुमची पाळी. दादा, चुकलं. जिंकत आले की हसू गालात दाबायचं. एकाच पोराला लागोपाठ हरवायचं नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो सांगतो की आज जागा नाही. मला वाटायचं, असं नीट वागलं की मान मिळतो. कसला मान. मी हरले की, "पोट्टीच हाय शेवटी." मी जिंकले की, "बहीन हाय, सोडून देल्लं." तिसरं वाक्य त्या खोलीत नव्हतंच.

तरी मला आशा होती. पंधरा ऑगस्टच्या सामन्यांची. वाटलं, सगळ्या गावासमोर खेळ झाला, समोरचा घाम गाळून खेळला, की कोण म्हणेल सोडलं? सामन्यांच्या फळ्यावर खडूनं सगळ्यांची नावं लिहिली होती. माझ्या जागी लिहिलं होतं 'भगिनी'. माझं नाव कोणी विचारलं नव्हतं. मी तेही गिळलं. एक डाव माझ्या नावावर मोजला जावा, बस, बाकी काही नको होतं.

दिगांबर त्या दिवशी जीव तोडून खेळला. त्याच्या कपाळावरचा घाम बोर्डावर पडलेला मी पाहिला. माझी शेवटची सोंगटी माझ्याच रेषेमागे होती, अंगठ्यानं उलटी मारावी लागली. गेली. आणि त्यानं बाही वर केली.

सामना बघायला आलेले बाबू माझ्या पुढे निघाले होते, त्यांच्याकडून बाला सगळं कळलं होतं. मी घरी पोचले तर त्यानं स्वतःच बोर्ड अंगणात काढून ठेवलेला. "मांड व," म्हणाला. आम्ही खेळलो. डाव अर्ध्यावर आला आणि भोकाच्या अगदी तोंडावर बसलेली सोंगटी बानं चुकवली. फुंकर मारली तरी गेली असती, अशी. चुकवून तो रुळांकडे बघायला लागला.

दिगांबरचं नाणंही मला एवढं लागलं नव्हतं. त्यानं हिणवायला दिलं. हा माझा बा, हा मायेनं देत होता. आणि दोन्ही हातांतून मला एकच गोष्ट मिळत होती. मी त्याचा स्ट्रायकर त्याच्यापुढे सरकवला.

"बा, पुन्हा मार. सोडाचं असन तर ऊठ."

डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, आणि माझ्याही. मग त्यानं मारली. पुढचीही. त्यानं मला असं हरवलं की माझ्या निम्म्या सोंगट्या जागच्या हलल्या नाहीत. ती हार माझी होती. कोणी दिलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं आणि मला मंडळात बोलावणं आलं. टेबलावर कप ठेवला होता. पोरांच्या हातात जिलेबी. दिगांबर मोठ्यानं म्हणाला, "आमच्या भगिनीले मंडळाकडून कप." पुन्हा टाळ्या. मी उंबऱ्यातच थांबले. दादा हा शब्द जिभेवर आला होता. तो मी मागे लोटला.

"कप ठेवा. राखी सोडा, अन् एक डाव खेळा माह्यासंगं."

त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. लहान पोराला समजवावं तसं त्यानं मला समजावलं. "राखी सोडली तं तू इथं बसशीन कशी?"

तो खरं तेच बोलत होता. राखी आहे तोवर मला जिंकता येत नव्हतं, आणि राखी सुटली की मला बसता येत नव्हतं. खोली अशी बांधलेली होती, आणि मी तिच्यात इतके दिवस मान शोधत होते.

"मंग नाई बसत," मी म्हणाले.

खिडकीतला माझा स्ट्रायकर उचलला आणि निघाले. पाठीमागे कोणीतरी म्हणालं, "पाह्य, तोरा पाह्य पोट्टीचा." पुढे बरेच दिवस बाला रस्त्यात टोमणे ऐकावे लागले. तो ऐकून घ्यायचा. दुसरं काय करणार होता?

काही बदललं नाही. त्या बोर्डाला माझा हात पुन्हा लागला नाही. कप मंडळाच्या कपाटात राहिला. गावात अजूनही कोणी म्हातारा भेटला की हसून आठवण काढतो, "दिगूभाऊनं तुले जिंकू देल्लं होतं, नाई का?" मी सांगते, नाही. तो मान हलवतो, समजूतदारपणे. त्याला पटवायला माझ्याकडे आजही पुरावा नाही, आणि तो डाव माझ्या नावावर कधीच लागणार नाही, हे मला माहीत आहे.

पण त्यानंतर मी कोणासमोर बहीण होऊन बसले नाही. नर्सची नोकरी केली, संसार केला, हक्कासाठी कोर्टाची पायरीही चढले. जिथं जिथं कोणी बाही वर करून, मान तिरकी करून, तुझ्यासाठी सोडतो म्हणालं, तिथं मी एकच सांगितलं आणि मरेपर्यंत हेच सांगेन. हरवता येत असेल तर हरव. सोडायचं असेल तर ऊठ.