बंद घरावरचा खडू

आधीच सांगते, रस्त्यात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू चपलेनं बाजूला सारून पुढे जाणारी बाई आहे मी. सासूबाई म्हणतात, "हिला भूत दिसलं तर ही त्याच्याच बोटाला सुई टोचून रक्त तपासायला नेईल." तर अशी मी... आणि तरी हे लिहितेय, कारण मनातून जातच नाही.

कोल्हारजवळच्या एका गावात मी आशा सेविका आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे डेंग्यूचे पेशंट निघाले आणि धूर फवारणी ठरली. पद्धत अशी – दुपारी मी घरोघर जायचं, पिंपं बघायची, आणि घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर दारावर खडूनं 'धूर नको' लिहायचं. खाली माझी खूण, दोन टिंबं. संध्याकाळी फवारणीवाले पोपटभाऊ धुराचं मशीन घेऊन येणार. घर बंद असलं तरी जवळ जाऊन हाक मारायची, हा नियम.

गल्लीतलं शेवटचं घर दगडूबाबांचं, रस्त्यापलीकडे. ऊन मी म्हणत होतं, आणि खडू आदल्याच घरापाशी संपलेला. पलीकडून दाराला कुलूप दिसलं. म्हटलं, बाबा मुलाबरोबर गेले असतील. रस्ता न ओलांडताच वहीत लिहिलं – 'बंद'. शहाणपणा इथंच थांबला नाही. संध्याकाळी पोपटभाऊंना मीच सांगितलं, "शेवटचं घर रिकामं आहे, मागची खिडकी उघडी असते, तिथून आत चांगला धूर द्या."

तासाभरानं पोपटभाऊ परत आले. मशीन बंद, तोंडावरचा रुमाल खाली.

"ताई, त्या घराला न्हाई दिला धूर."

"का?"

"आता का? तुमीच लिव्हलंय की दारावर, धूर नको म्हून!"

मला वाटलं थट्टा करताहेत. गेले बघायला. धुरातनं नीट दिसेना, मोबाईलची बॅटरी लावली. कुलपाच्या वर 'धूर नको'. माझंच अक्षर... खाली दोन टिंबं.  मागं जाऊन खिडकीतून बॅटरी मारली, तर दगडूबाबा खाटेखाली जमिनीवर पडलेले, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

पोपटभाऊंनी दगडानं कुलूप फोडलं. मुलगा कामाला जाताना बाहेरून कुलूप घालायचा, हे तेव्हा कळलं. बाबा विसरभोळे, चालत चालत नगर-मनमाड रोडवर जायचे म्हणून. आणि बाबांना जुना दमा! तो धूर आत गेला असता तर... माझ्या सांगण्यावरून गेला असता.

बाबा वाचले. आठ दिवसांनी ते दवाखान्यातून घरी आल्यावर मी भेटायला गेले, तर त्यांनी माझा हातच धरला.

"पोरी, तू दुपारी खिडकीशी आलीस म्हून जगलो बघ. म्हनलीस न्हाई का, बाबा भिऊ नका, मी दारावर लिव्हून ठेवते?"

मुलगा माझ्या पाया पडायला वाकला. मी मागं सरकले. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. लाज वाटली, आणि भीतीही.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला भास झाला असेल. असेल. पण दारावरचं अक्षर पोपटभाऊंनी वाचलं, मी वाचलं. वही अजून माझ्याकडे आहे, तिच्यात 'बंद'च आहे. कितीदा उघडून बघितली. हिशेब लागत नाही.

आता एकही कुलूप मी लांबून बघत नाही. जवळ जाते, खिडकीत डोकावते, तीन-तीनदा हाक मारते. लोक हसतात. दगडूबाबांच्या दारात मात्र पाय जड होतात. पावलांचा आवाज आला की ते आतून विचारतात, "कोन, ताई का?"

'मीच' म्हणायला अजून जीभ रेटत नाही.