बर्फ पडायच्या आत

इरा आणि नील, गरम पाण्याचा तुमच्या आत्याआजीइतका विचार जगात आणखी कोणी केला असेल, असं मला वाटत नाही. तुमच्या आजोबांची ही धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद. आयुष्यभर तिने खाडीकाठची केळीची बाग सांभाळली, भाजीचा टेम्पो स्वतः चालवला, आणि बाकीचे लोक गुडघ्यांना तेल चोळत बसतात त्या वयात हिने चाकांवरचं घर घेतलं. गावची गल्ली अरुंद, म्हणून ते उभं असतं आमच्या बोळिंजच्या सोसायटीत, नेमकं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. आत दोन पलंग, शेगडी, इवलीशी मोरी आणि गॅसवर पाणी तापवणारी एक परदेशी टाकी, जिला ती 'बंब' म्हणते. घर जातं फार तर कळंबच्या किनाऱ्यापर्यंत. बंबाची निगा मात्र अशी, की उद्याच हिमालयात निघायचं आहे.

टाकी भरल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही, हे ती प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणते, देवापुढे म्हणावं तसं. पंप सुरू केला की पाइपाला कान लावते आणि कुठला जोड ढिला आहे ते नुसत्या आवाजावरून सांगते. बोअरच्या पाण्याचे क्षार आत धरतात, म्हणून अधूनमधून टाकीत लिंबूसत्वाचं पाणी भरून ठेवते. वॉचमन विचारतो, "आजी, आज सरबत कुणाला?" टाकीत एक दांडा असतो, टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः गंजतो. तो बदलताना जुना माझ्यापुढे धरून म्हणाली, "बघ वयनी, आपन झिजायचं आन् घर राखायचं. अगदी तुज्यावानी." आता हे कौतुक होतं की टोमणा, याचा मी अजून विचार करते आहे. कडकडीत पाण्यात बेताचं गार पाणी घालतात, त्याला विसण म्हणतात. मोरीतल्या नळाच्या, गरम-गार मिसळणाऱ्या चकचकीत खटक्यालाही ती 'विसन'च म्हणते.

खरं सांगते, मला तिचा हेवा वाटतो. माझ्याकडे पांढऱ्या टाइलांचं बाथरूम आहे, बटण दाबताच तापणारा गिझर आहे, घडी न मोडलेले टॉवेल आहेत. तरी फोनवर तिसऱ्याच वाक्याला तुम्ही म्हणता, "आजी, फोन खाली गाडीत ने ना!" मी तुम्हाला बाराखडीचे तक्ते पाठवले, 'ण'साठी स्वतः बाण काढून दिला. तुम्ही शिकलात काय? "गरम पानी!"

तिची एकच गोष्ट माझ्या हातात होती. बंबाचं माहितीपुस्तक इंग्रजीत आहे. मी वाचून मराठीत सांगायचं आणि तिने तसं करायचं. गेल्या डिसेंबरात, तुम्ही यायच्या आठवडाभर आधी, मी वाचलं, "थंडीच्या दिवसांत टाकी रिकामी ठेवावी." वाक्य पुढे होतं, "जिथे पाणी गोठतं तिथे." ते मी गिळलं. डोक्यावर पंखा गरगरत होता. "असं व्हय?" म्हणाली, माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि खाली जाऊन तिने टाकी रिकामी केली.

आता पोरं माझ्याकडेच आंघोळीला येणार, या आनंदात मी नवे टॉवेल काढले. आणि तुम्ही? कळंबला तिने तीन दगड मांडले, सुरूच्या काटक्या पेटवल्या, पातेलं चढवलं. कोपर बुडवून विसण बघायची आणि तुमच्या डोक्यावर तांब्या ओतायची. दिवसाला तीन तीन आंघोळी केल्यात. माझे टॉवेल तिथे पुसायला आणले गेले, एवढाच त्यांचा मान.

मग इराने गाडीत पडलेलं ते पुस्तक उघडलं. "आत्याआजी, हे तर बर्फासाठी लिहिलंय! आजीने सांगितलं नाही?"

मी टॉवेलाची चौथ्यांदा घडी घातली. वर बघायची हिंमत नव्हती.

"सांगितलं व्हतं गो," ती म्हणाली. "सगलं वाचलं व्हतं तिनं. मीच अर्धं आयकलं. कान गेले माजे."

कान गेले! ढिला जोड पाइपातून ऐकणारे कान! परतताना गाडी चालवता चालवता एवढंच म्हणाली, "वयनी, यंदा बरफ जरा कमीच पडला, नाय?" आणि अशी हसली, की मीही खिडकीकडे तोंड करून हसले.

यंदा तुमचं येणं होत नाही, असं तुमच्या आईने कळवलं. काल आम्ही दोघीच कळंबला गेलो. माझ्या आंघोळीचं पाणी तिने काढलं, धारेखाली कोपर धरलं आणि विचारलं, "वयनी, विसन बरोबर हाय?" लग्न होऊन मी गावच्या घरी आले, त्या पहिल्या सकाळीही परकरातल्या या मुलीने हेच विचारलं होतं. तेव्हा लाजेने हो म्हणाले आणि भाजतं पाणी अंगावर घेतलं. काल म्हटलं, "अजून थोडं घाला, वन्सं."

नंतर ते पुस्तक काढून मी तिला ते वाक्य वाचून दाखवलं. पूर्ण.

"पोरांना काय कळवू?" मी विचारलं.

"लिव, टाकी भरलेली हाय," ती म्हणाली. "बरफ पडायच्या आत या म्हनावं."