बोअरला फिनाइलचा वास

जल हेच जीवन, असं आमच्या कॉलनीत संगमरवरावर कोरून ठेवलंय. पाटीखाली जीवन नाही, दगड-वाळू भरलेला खड्डा आहे. रस्त्याकडेच्या गटारीतून पावसाचं पाणी त्यात येतं, मुरतं आणि शेजारच्या सामाईक बोअरला मिळतं. घरांचं सांडपाणी वेगळ्या पाइपनं जातं. या गटारीत फक्त पाऊस वाहावा, अशी कल्पना होती.

आमच्या बोअरचं पाणी जड. शेजारच्या अक्का धुळ्याकडच्या. रविवारी त्यांच्याकडे वरण-बट्टी ठरलेली, आणि या पाण्यात तुरीची डाळ काही शिजायची नाही. नळाला पाणी रोज नाही, म्हणून अक्का डाळीपुरतं हंड्यात राखून ठेवत. पावसाचं पाणी मुरलं की बोअर गोड होईल, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. खड्ड्यावर सगळ्यात जास्त भरवसा त्यांचाच.

गेल्या पावसाळ्यात खड्ड्याच्या उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून कॉलनीचे अध्यक्ष असलेल्या नानांनी सकाळी अख्खा रस्ता फिनाइलनं धुऊन घेतला. नारळ फुटला, भाषणं झाली, आणि भाषणं संपायच्या आत पाऊस आला. शुभशकुन म्हणून टाळ्या पडल्या. रस्त्यावरचं फिनाइल पावसानं इमानेइतबारे खड्ड्यात पोचवलं.

काही दिवसांनी अक्का नानांच्या फाटकाशी उभ्या.

"नाना, बोअरले फिनाइलना वास यी ऱ्हायना."

"अक्का, खाली वाळू आहे. पाणी गाळूनच जातं."

"वाळू कचरा गाळस. वास नही गाळस."

"आणि तुमचं पापड तळलेलं तेल कुठं जातं? गटारीतच ना?"

अक्का घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर जळक्या तेलासाठी डबा दिसला. मग नानांनाही रस्त्यावर साबणाचा फेस करून गाडी धुणं जड जाऊ लागलं. गाडी मागच्या अंगणात, पेरूखालच्या मातीवर गेली. बादलीभर पाणी, फडकं, बस. बाकीच्या घरांतले लोक ओटे धुण्याआधी झाडायला लागले, आणि केर गटारीत न ढकलता सुपलीत भरायला लागले. कुणी ठराव मांडला नाही. बहुधा म्हणूनच ते टिकलं.

वास गेला. यंदा पाहुणे पुन्हा आले तेव्हा रस्ता नुसता झाडलेला होता. ते जलक्रांतीवर बोलत असताना अक्का मधेच उठून घरी गेल्या. कुकर बोअरच्या पाण्यावर लावला होता.

डाळ शिजली होती.